टाकीच्या तोंडाशी

प्रिय घुम्या,

पाकीट बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहेत, घर जागेवर आहे, मीही आहे. फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तू नुसतं "हं" म्हणतोस, मग पलीकडून तुझ्या गोदामातल्या गाड्यांची घरघर ऐकू येत राहते, आणि मी "जेवलास का" एवढं विचारून फोन आईंच्या हातात देते. सांगायचं ते पोटातच राहतं. म्हणून आज सुट्टीच्या दुपारी कागद घेऊन बसलेय. बसलेय म्हणजे नावाला. एवढं लिहून होईतो एकदा शेगडी बंद आहे ना ते बघून आले, एकदा गॅलरीत जाऊन आले. गॅलरीत काही काम नव्हतं.

माझ्या पायाला भिंगरी लागलीय असं आई म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. तू गेल्यापासून मला घरात घर दिसतच नाही. घसरायची जागा दिसते, अडखळायची जागा दिसते, भाजायची जागा दिसते. न्हाणीघराबाहेरचं पायपुसणं काढून टाकलं, कपाटावरच्या काचेच्या बरण्या खाली आणल्या, तव्याचा दांडा जरा बाहेर दिसला की आत वळवते. परवा आईंचं ते डगमगतं स्टूल लपवून ठेवलं, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मला समोर उभं केलं. म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या फळ्यावर लिहून ठेव, या घरातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे तुझ्या येरझाऱ्या. एक दिवस माझ्या पायावर पाय देशील तेव्हा कळेल." मी हसले, त्याही हसल्या. मग दोघींच्याही लक्षात आलं, आमच्या असल्या भांडणात मान खाली घालून हसणारा माणूस घरात नाही.

कागद कारखान्यातला माझा सुरक्षेचा वर्ग पुन्हा सुरू केलाय हे आईंनी तुला सांगितलं असेलच. साहेब म्हणाले होते, थोडे दिवस दम खा, शिकवायला बाहेरून कुणीतरी बोलावू. मी नको म्हटलं. घरी बसून काय भिंतींना शिकवणार होते? खोली तीच, भांडाराच्या मागची लांबोळकी. फक्त फळा मी समोरच्या भिंतीवर नेला आणि खुर्च्या फिरवून घेतल्या. आधी शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर खिडकी यायची आणि खिडकीत कागदाच्या लगद्याच्या टाक्या. आता त्या माझ्या पाठीशी असतात. पाठीला डोळे नसतात म्हणतात, पण तसं काही नाही.

शिकवायची रीत तीच ठेवलीय. नव्या तुकडीला पहिल्या दिवशी पुस्तकातलं काहीच सांगत नाही. कागदाच्या यंत्राजवळ नेऊन उभं करते आणि म्हणते, तोंड बंद, डोळे उघडे, आणि इथे तुम्हाला काय चावेल ते बोटाने दाखवा. आधी सगळे लाजतात. मग एखादी बाई फरशीवर सांडलेल्या ओल्या लगद्याकडे बोट करते, कुणी झाकण नसलेल्या फिरत्या पट्ट्याकडे, कुणी शेजारणीच्या मोकळ्या केसांकडे. या खेपेला एका पठ्ठ्याने सरळ मुकादमाकडे बोट दाखवलं. मुकादमसुद्धा हसला. मी त्यांना सांगते की चावणारी वस्तू रोज डोळ्यांसमोर असली की दिसेनाशी होते, आणि इथे शिकायचं ते एवढंच, की रोजची वस्तू पुन्हा दिसायला हवी.

तुझ्या तुकडीला हेच शिकवत होते तेव्हाचं आठवतं का रे? तोल कसा सांभाळावा यावर भाषण ठोकत मी खुर्चीवर चढून भिंतीवर चित्र टांगत होते. तू मागच्या रांगेतून उठलास, चकार शब्द न बोलता आलास आणि खुर्चीची पाठ धरून उभा राहिलास. तिचा एक पाय निखळलेला होता. सगळा वर्ग खो खो हसला आणि त्यात सगळ्यात मोठ्याने तुझा जिवलग दोस्त, फिटरदादा. पुढे लग्नाचं विचारायला आलास तेव्हाही तू एवढंच म्हणालास, "चालेल का?" मी म्हटलं, काय चालेल ते तरी सांगशील? तेव्हाही दादाच पुढे झाले आणि त्यांनी तुझं उरलेलं बोलणं पूर्ण केलं. तुमची जोडीच तशी. ते दिवसभर बोलायचे आणि तू त्यांच्या वाटणीचं गप्प बसायचास. आणि सदा त्यांच्या मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ. वेल्डर म्हणून लागला तेव्हापासून नाकावर राग, पण दादाच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही.

जरा उठले होते. आईंना औषध द्यायचं होतं म्हणून उठले असं लिहिणार होते, पण औषध त्यांनी आपलं आपण घेतलं होतं.

टाकीचा धडा मी सगळ्यांत शेवटी घेते, तुला माहीत आहेच. लगदा बंद जागेत साचला की सडतो आणि त्यात विषारी वायू धरतो. सडक्या अंड्यांचा वास येतोय तोवर नाक तुमच्या बाजूचं आहे, पण वास एकाएकी गेला तर हवा चांगली झाली असं समजू नका, नाकच फितूर झालं असं समजा. अंगाला पट्टा आणि दोर बांधल्याशिवाय आत उतरायचं नाही, नळीने आत हवा सोडणारा पंखा चालू असल्याशिवाय उतरायचं नाही. वर तोंडाशी जो उभा असेल त्याने जागा सोडायची नाही. आणि खाली माणूस पडला तर त्याच्यामागे उतरायचं नाही. भोंगा वाजवायचा, हवा सोडायची, पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून उतरणाऱ्यांना बोलवायचं आणि उभं राहायचं. पहिल्याला वायू मारतो, दुसऱ्याला माया मारते. हे वाक्य मला एकदा बोलता बोलता सुचलं होतं आणि मी त्यावर बेहद्द खूश होते. जेवणाच्या सुट्टीत पोरं ते गाण्यासारखं म्हणायची. दादा तर एक भुवई वर करून माझी हुबेहूब नक्कल करायचे.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं एकदाही बोललो नाही. मला जे कळलं ते लिहिते, चुकत असेन तर तू सांग. टाकी धुऊन झाली होती, आतली दुरुस्ती झाली होती, दादा वर आले होते. पट्टा सुटला होता, पंखा बंद करून त्याची नळी गुंडाळायला घेतली होती. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मोठा पाना खालीच राहिला. तू म्हणालास, "थांब, पंखा लावतो. पट्टा घाल." ते म्हणाले, "अरे, श्वास घ्यायच्या आत वर येतो," आणि शिडीवर पाय टाकलासुद्धा. तळाच्या कोपऱ्यात गाळाचा एक थर राहून गेला होता, वरून सुकलेला, आतून सडका. पाना त्यात रुतला होता. त्यांनी तो उपसला आणि खाली दबलेला सगळा वायू मोकळा झाला.

मी वर्गात होते. टाकीकडचा भोंगा वेगळा वाजतो, म्हणून पहिल्या सुरालाच हातातला खडू टाकून निघाले. धावत आले तेव्हा पंख्याची नळी टाकीत सोडलेली होती, पंखा घरघरत होता, आणि तू जमिनीवर होतास. तुझ्याखाली धाकटा. तू दोन्ही हातांनी त्याची कंबर आवळली होतीस आणि तो तुझ्या मनगटाला कडकडून चावत होता. "सोड मला, माझा दादा आहे खाली," असं ओरडत होता. तू डोळे मिटून घेतले होतेस आणि हात सोडले नाहीस. सिलिंडर पाठीला बांधलेली माणसं उतरली, त्यांनी दादांना वर आणलं. तेव्हा सगळं संपलं होतं. नंतर वायू मोजायचं यंत्र दोराने तळापर्यंत सोडलं तर ते असं किंचाळायला लागलं की बघणाऱ्यांनी कान झाकले. चौकशीवाले म्हणाले, मागून जो उतरला असता तो शिडी संपायच्या आत कोसळला असता. तूही, धाकटाही.

हे सगळ्यांनी ऐकलं. पण ऐकलेलं सगळं पटतंच असं नाही. डोळ्यांदेखत दोस्त गेला आणि हा तोंडाशी बसून राहिला, स्वतः उतरला नाही तो नाही, सख्ख्या भावालाही उतरू दिलं नाही, असं लोक बोलले. तुझ्या कानावर गेलं तेवढंच नाही, अजून बरंच बोलले. मी ते तुला कळवलं नाही आणि आताही कळवत नाही. शेवटच्या निरोपाच्या वेळी तू सगळ्यांच्या मागे उभा होतास, आणि धाकट्याने भरल्या गर्दीत तुला जा म्हटलं. तू गेलास. माझ्या लेखी तू घरातून तेव्हाच गेलास, गोदामाची नोकरी नंतरची.

त्या संध्याकाळी, म्हणजे टाकीच्या दिवशीच, तू घरी येऊन बराच वेळ हात धूत राहिलास. आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "तू शिकवलंस तसंच केलं." पुढे काहीच नाही. मी या वाक्याची किती उलटापालट केली असेल. भांडी घासताना ते तक्रारीसारखं ऐकू येतं. कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना दिलासा मागितल्यासारखं ऐकू येतं. कधी वाटतं, नुसतंच सांगितलंस, जसं तू सांगतोस की दार लावलंय. विचारायचा धीर मला झाला नाही आणि तू तर घुम्याच. मग दोघंही ते वाक्य ओलांडून इकडेतिकडे वावरत राहिलो.

आता मुख्य बातमी. गेल्या महिन्यात वहिनींना, दादांच्या बायकोला, कारखान्याने कामावर घेतलं. कागद निवडून गठ्ठे बांधतात त्या विभागात. आणि कामाला लागणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या वर्गात बसतो, हा नियम मीच भांडून करून घेतलेला. सकाळी दार उघडलं तर वहिनी सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसलेल्या. दादांचा डबा द्यायला यायच्या तेव्हापासून ती खोली त्यांच्या ओळखीची. मला म्हणाल्या, "खुर्च्या फिरवल्यात का?" मी म्हटलं, उजेड नीट येत नव्हता. त्यांनी खिडकीतून पलीकडच्या टाक्या पाहिल्या आणि पुढे काही विचारलं नाही.

घसरणं झालं, आग झाली, पट्टे झाले. टाकीपाशी आले आणि फळा पुसून टाकला. आज एवढंच, म्हटलं, उरलेलं उद्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आगच काढून बसले. उजळणी, म्हटलं. तुकडीला काय कळत नाही? पण सगळे अळीमिळी गुपचिळी. शेवटी वहिनींनीच हात वर केला. "मास्तरीणबाई, ते टाकीचं राहिलं." कामगार म्हणतात तसं त्याही मला त्या खोलीत मास्तरीणबाईच म्हणत होत्या. मी हळूच म्हटलं, "तुमचं काम गठ्ठ्यांचं आहे, वहिनी. तुम्हाला टाकीकडे जावं लागणार नाही." त्या म्हणाल्या, "मला नसेल. या बाकीच्यांना जावं लागेल ना?"

मग मी शिकवलं. खिडकीकडे वळून, टाकीकडे हात करून शिकवलं. वासाचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं, तोंडाशी उभं राहणाऱ्याचं सांगितलं. पहिल्याला वायू मारतो, इथवर आले आणि थांबले. तेवढ्यात मागचा एक दांडगा गडी, नुकताच बाहेरून भरती झालेला, म्हणाला, "पण बाई, आपला माणूस खाली पडलेला दिसत असताना वर नुसतं उभं कोण राहील? तो काय माणूस म्हणायचा?" बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. शेजारच्याने त्याला कोपर मारलं, पण शब्द बाहेर पडून गेला होता. वहिनी मागे वळल्या. आवाज जराही चढवला नाही. म्हणाल्या, "माझा नवरा त्या टाकीत गेला. माझा दीर त्याच्यामागे निघाला होता. एका माणसाने त्याला धरून ठेवला. दीर आज सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन कामाला गेला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शिकवा." आणि मी ते वाक्य शेवटपर्यंत म्हटलं. माझ्या आवाजाचं काय झालं ते विचारू नकोस.

तुला बरं वाटावं म्हणून मी गोड करून लिहिणार नाही. वर्ग सुटल्यावर वहिनी मागे थांबल्या. मला वाटलं आता रडतील, मग मीही रडेन. तसलं काही झालं नाही. त्या खुर्च्या एकात एक रचायला लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला तुमच्या ह्यांचा राग येतो अजून. खोटं कशाला बोलू? झोप लागत नाही तेव्हा वाटतं, तेही खाली उतरले असते तर काय बिघडलं असतं, निदान धडपड तरी झाली असती. मग सकाळी दारात धाकट्याच्या चपला वाजतात आणि माझी मलाच भीती वाटते, मी हे काय मागत होते म्हणून." मी उरलेल्या खुर्च्या त्यांच्याकडे सरकवत गेले. सगळ्या खुर्च्या रचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडे जेवतात का नीट?" मी हो म्हटलं. मला ठाऊक नव्हतं, तरी हो म्हटलं.

तेव्हापासून तुझ्या त्या वाक्याला उत्तर द्यायचं माझ्या मनात घोळतंय. हो, मी शिकवलं तसंच केलंस. मी आजही तेच शिकवते, उद्याही शिकवीन, खाली आपल्या घरचा माणूस असेल तरी तेच शिकवीन. तू चुकला नाहीस, आणि हे मी तुझी बायको म्हणून म्हणत नाही. पण उतरायचं नाही एवढंच मी शिकवलं होतं. न उतरता राहिलेल्याने दुसऱ्या दिवशी उठून दात कसे घासायचे, लोकांच्या नजरेला नजर कशी द्यायची, ते माझ्या धड्यात नव्हतंच, कारण मला ते येत नाही. ते तू एकटाच गोदामात बसून शिकतोयस आणि मी इथे खोल्यांतून फेऱ्या मारत शिकतेय. दोघं एका जागी बसून शिकलो असतो तर निदान आईंच्या पायांना धोका नव्हता.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. काल संध्याकाळी दार वाजलं, आईंनी उघडलं, तर बाहेर धाकटा. आत ये म्हटलं तरी येईना, उंबऱ्याबाहेरच उभा. पुढच्या खेपेला कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवतील तेव्हा ती टाकी पुन्हा उघडणार आहेत. आतली जुनी शिडी कापून नवी जोडायची आहे आणि वेल्डिंगचं ते काम त्याने स्वतः मागून घेतलंय. दुसऱ्या कुणाला त्या शिडीवर पाठवणार नाही म्हणतो. साहेबांनी विचारलं, मग वर तोंडाशी कोणाला उभं करू? त्याच्यासाठी उभे राहणारे ढीगभर आहेत, सगळे त्याचे दोस्त, जिवाला जीव देणारे. त्याने सगळ्यांना नको म्हटलं. चपलेने फरशी घासत, खाली बघत मला म्हणाला, "बाई, त्यांना कळवा. मी माफी मागायला आलो नाही, माझ्या मनातलं मलाच अजून कळत नाही. पण मी पडलो तर हे सगळे माझ्यामागे उड्या मारतील. आमच्या घरातला एक गेला तेवढा पुरे, माझ्यापायी दुसऱ्या कुणाच्या घरातला नको. मला वर तो माणूस पाहिजे जो उतरणार नाही." एवढं बोलून तो जिना उतरून गेला. मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही, कारण ते उत्तर माझं नाही. यायला जमणार नसेल तर तसं लिही. मी दुसऱ्या कुणाला तरी उभं राहायला तयार करीन आणि तुला कधी बोल लावणार नाही. पण येणार असलास तर फाटकातून थेट टाकीकडे जाऊ नकोस. आधी घरी ये.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझीच